बदलीचा माणूस

अंगात ताप होता म्हणून भांडीवालीने नवऱ्याला बदलीवर पाठवलं. मालकीणबाईंनी त्याला "बसा ना, दादा" म्हणत खुर्ची दिली, पाहुण्यांच्या कपातून चहा दिला आणि तो गेल्यावर ओशट राहिलेली भांडी मुकाट्याने पुन्हा घासली. घरी येऊन तो त्या खुर्चीचंच कौतुक सांगत बसला.

बरी होऊन ती कामावर आली, तेव्हा नेहमीसारखा कान तुटलेला कप दाराजवळ फरशीवर ठेवलेला होता. तिने पिशवीतून काजळ काढलं, फ्रीजच्या चकचकीत दारात बघत नाकाखाली झुपकेदार मिशी रेखली आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसली.

"हे काय गं?" मालकीणबाई म्हणाल्या.

"चहा दादासारखा द्या, ताई. भांडी मी बाईसारखीच घासेन."