ओसरीवरची पेटी

बाईच्या कटीच्या हाडाची कमान ताणलेल्या अंगठ्या-तर्जनीएवढी रुंद असते. अरुंधतीच्या हातातली ही बोटभर अरुंद होती. अडतीस सालच्या सुटीत मेडिकल कॉलेजातून आणलेली हाडांची पेटी तुंगार्लीच्या घरी ओसरीवरच असे, आणि हाडाला शिवलेल्या अरुंधतीला आंघोळीशिवाय आत येता येत नसे.

“आज चौथी आंघोळ. सासरी चालेल हे?” आईने उंबऱ्यातून विचारलं. साताऱ्याच्या स्थळाला द्यायचं उत्तर महिनाभर आईपाशीच थांबलं होतं.

“ह्या बाईचं मूल अडलं असेल, आई.”

“आपल्या शैलासारखं?” बाळंतपणात गेलेल्या थोरलीचं नाव आईने दोन वर्षांनी घेतलं. “आधी कळतं ते?”

“डॉक्टरला कळतं.”

आई ओसरीवर येऊन बसली. तिने ते हाड हातात घेतलं, आणि आत हाक मारली, “अहो, साताऱ्याला नकार कळवा. अरू डॉक्टर होणार आहे.”