अख्खी प्लाचिंता

"घ्या आमदारसाहेब, आमच्या आईचं प्रेम!" ट्रॅक्टरचोर लियोन्याने पुडकं उलटं केलं. सफरचंदांच्या फोडी, साबणाचे तुकडे, पावाचा भुगा. घरून आलेल्या प्रत्येक वस्तूत पहारेकऱ्याची सुरी फिरायचीच. आमच्या तिरास्पोलच्या सरकारला जगात कोणी मान्यता देत नाही. तुरुंग मात्र अस्सल आहे.

एमिल रुस्नाकची प्लाचिंता तेवढी अख्खी यायची. चीज आणि शेपू भरलेली गोल पोळी, बायकोच्या हातची.

"वशिला आहे बुवा!" लियोन्या कुरकुरला.

"वशिला कसला? मान म्हणतात याला."

एमिल दोनदा निवडून आलेला विरोधी आमदार, स्वतःच्या वर्तमानपत्राचा संपादक. वर्तमानपत्राला टाळं लागलं, अध्यक्षांच्या अपमानाचा खटला झाला. तरी पहारेकरी आपल्यापुढे सुरी खाली ठेवतात, याचं त्याला मनातून फार बरं वाटायचं.

सहसंपादक किरिलने एकदा सॉसेज पाठवलं. त्याची पार चटणी होऊन आली. एमिलने त्याला हात लावला नाही.

"मेला साळसूद! आधी पकडून देतो, मग खाऊ पाठवतो."

सरकारला एकच नाव हवं होतं. पोलाद कारखान्यातल्या लुटीचे फोटो वर्तमानपत्राला कोणी दिले? एमिल मार खाऊन गप्प राहिला होता.

भेटीच्या दिवशी त्याची बायको अगाफिया बाकावर त्याला खेटून बसली. पहारेकरी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिला.

"त्या फोटोवाल्या माणसाला नदीपार, यांच्या हद्दीबाहेर पाठवायला हवं," ती पुटपुटली. "किरिलने नाव फोडलं तर? मी निरोप देते."

तोंडाने बोलायची सोय नव्हती. एमिलने बोटाने तिच्या तळहातावर अक्षरं गिरवली. वासिल, कारखान्यातला भट्टीवाला. तिने मूठ मिटली.

"द्राक्षं पिकायच्या आत घरी असशील तू," म्हणाली आणि रडायला लागली.

"तुला कोणी सांगितलं, वेडे?"

"मन सांगतं."

दोन दिवसांनी कोठडीचं दार उघडलं आणि वासिलला आत ढकललं गेलं. ओठ फाटलेला. एमिलला भडभडून आलं.

"माझा निरोप नाही पोचला?"

"कसला निरोप?"

"उशीर झाला रे तिला! त्या हरामखोर किरिलने आधीच डाव साधला. बस. आधी खा."

त्याने सकाळीच आलेली प्लाचिंता पुढे सरकवली. वासिलने ती उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"एमिलसाहेब," तो हळूच म्हणाला, "माझा कोरडा पावसुद्धा चिरला त्यांनी. ही कापली कशी नाही?"