आकडा चढतो तेव्हा

खलाटे सर प्रयोगशाळेच्या दारात आले आणि पेटीवरचा आकडा पुन्हा चढला.

देवकाते मॅडमनी मान वर केली नाही. पेपरांच्या गठ्ठ्यात डोकं घालून त्यांनी नुसती तिरकी नजर टाकली. मिनिटाला वीस-बावीसवर रेंगाळणारा आकडा साठीच्या पुढं गेला होता. सर खडूचा डबा घेऊन लगबगीनं निघून गेले, तसा तो निमूट खाली आला.

“बघितलंस?” त्या सुनेला म्हणाल्या.

अबोली बघत होती. ती याच शाळेत प्रयोगशाळा सहायक होती आणि तिला पाचवा महिना होता. लग्नानंतर नवव्या वर्षी दिवस राहिलेले. घरी सासूबाई तिला पाण्याचा तांब्या उचलू देत नसत.

आसावरी देवकात्यांनी माळेगावच्या त्या शाळेत विज्ञान शिकवत उमर घालवली होती. पुस्तकातल्या आकृत्या फळ्यावर काढून हात झिजला, पण खरं संशोधन कधी वाट्याला आलं नाही. आणि मग पुण्याच्या एका संस्थेनं जिल्ह्यातल्या मुरलेल्या शिक्षकांना या पेट्या दिल्या. आकाशातून म्युऑन नावाचे अतिसूक्ष्म कण छप्पर भेदून सतत खाली येत असतात, ते पेटीनं मोजायचे आणि आकडे संस्थेला पाठवायचे. ज्याचं काम सर्वांत चोख, तो शिक्षक जिनिव्हाजवळच्या कणांच्या प्रयोगशाळेत शिबिराला जाणार होता. बाईंना ते शिबिर हवं होतं. इतकं हवं होतं की बारामतीला जाऊन त्यांनी पासपोर्टचे फोटोसुद्धा काढून आणले होते.

खलाटे सरांनाही पेटी मिळाली होती. दिवाळीनंतर त्यांनी ती कसलंही कारण न सांगता परत केली. तेव्हापासून त्यांचा आवाज बसलेला, आणि ऐन मार्चच्या उन्हात गळ्याला मफलर.

“जळतायत,” मॅडम म्हणाल्या. “स्वतःला जमलं नाही, आता माझं बिघडवायचं.”

कसं बिघडवायचं, हेही त्यांनी ताडलं होतं. जुन्या गॅसबत्तीच्या जाळीत थोरियम असतं आणि त्यातून किरण निघतात, हे विज्ञान शिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. सर मागच्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला म्हणून पुण्याला गेले होते. तिथल्या जुन्या बाजारात अशी जाळी सहज मिळते. ते परतले आणि आकडे बिघडले. आणखी काय पुरावा हवा? खेळाच्या तासाला बाईंनी त्यांची पिशवीही चाचपून पाहिली. तिच्यात काही नव्हतं. म्हणजे जाळी अंगावरच होती.

“तू त्यांच्यामागं राहा,” त्यांनी अबोलीला सांगितलं. “शेजारी बस, डबा बरोबर खा. कुठं हात घालतात, काय लपवतात, सगळं बघ.”

“आई, मला बरं दिसत नाही ते.”

“माझ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट आलीय गं. तेवढंही करणार नाहीस?”

अबोली बिचारी गेली. शिक्षकांच्या खोलीत सरांच्या शेजारची खुर्ची तिनं धरली. सर उठून खिडकीपाशी गेले, तर ही खिडकीपाशी. त्यांनी डबा चिंचेखाली नेला, तर ही तिथंही.

“अबोली, तू तिकडं लांब बस बाई,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “ऐक माजं.”

तिनं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा मॅडमना मनापासून आनंद झाला.

“घाबरलाय! आता मुळीच सोडू नकोस.”

शनिवारी पुण्याहून डॉक्टर रुक्सार तांबोळी आल्या. बाई मूळच्या इंदापूरच्या, संस्थेत शास्त्रज्ञ. मॅडमनी फोनवर तक्रारच तशी केली होती. आता मॅडमनीच खलाटे सरांना प्रयोगशाळेत बोलावून घेतलं.

“सर, या पेटीपाशी उभे राहा.”

सर दारातच थबकले. “मॅडम, मी हितंच बरा हाय.”

“या म्हणते ना!”

ते आले. आकडा साठीवर गेला, मग सत्तरीवर. मॅडमच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघवत नव्हतं.

“आता खिसे रिकामे करा.”

रुमाल निघाला, किल्ल्या निघाल्या, खडूचा तुकडा निघाला. आकडा हलला नाही.

“मग तो मफलर सोडा. त्यातच आहे जाळी!”

सरांनी एकदा रुक्सारबाईंकडं पाहिलं आणि मफलर सोडला. गळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टाक्यांचा लालसर व्रण होता.

रुक्सारबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, “थायरॉइडचा कॅन्सर का, सर? किरणोत्सारी आयोडीनची गोळी कधी घेतलीत?”

“मागच्या आठवड्यात, पुण्याला. घरात थांबा म्हनले व्हते, पण रजा संपली. पोरीचं लग्न जमतंय, कुणाला कळलं तर सोयरीक मोडंल म्हणून बोललो न्हाय.”

रुक्सारबाई मॅडमकडं वळल्या. “ती गोळी अंगात असली की काही दिवस माणसातूनच किरण बाहेर पडतात. तुमची पेटी तेच मोजत होती.”

मॅडमना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याआधी छातीवरचा धोंडाच उतरला.

“म्हणजे माझी पेटी बरोबर होती! माझं काम चोख होतं ना, डॉक्टर?”

“अगदी चोख. मी स्वतः तुमचं नाव पुढं पाठवते.”

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी सुनेचा हात धरून तिला जवळ ओढलं.

खलाटे सर मात्र दोन पावलं मागं सरकले.

“डॉक्टरांनी बजावलं व्हतं, गरोदर बाईच्या जवळ अजिबात थांबू नका म्हणून,” ते म्हणाले. “मी लई पळालो, मॅडम. पण तुमी तिला रोज माज्या शेजारी बसायला धाडत ऱ्हायलात.”