पहिलं गिऱ्हाईक

“आत या काकू, तिथं पायरीवर काय बसता?”

श्यामसुंदरनं हाक मारली तेव्हा नलिनीबाईंना वाटलं, मागं दुसरं कोणी उभं असेल. त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा. मुलुंड स्टेशनाबाहेरच्या त्या कापडदुकानात त्या वर्षानुवर्षं येत होत्या, पण दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाल्याशिवाय त्यांनी उंबरा कधी ओलांडला नव्हता. विधवेच्या हातची भवानी कोण घेणार? हा मेला नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण बाजारात सगळ्यांना पाठ होता. नलिनीबाईंनाही.

पण ते बावन्न साल होतं. मंदीनं बाजाराची पार वाट लावली होती. दुपार व्हायला आली तरी दुकानात चिटपाखरू फिरकत नव्हतं. कालपर्यंत “घ्यायचं असेल तर बोला, उगाच घड्या मोडायला लावू नका” असं तोंडावर सांगणारा श्यामसुंदर आता रस्त्यावरच्या माणसांना हात जोडून बोलवत होता. मंदी माणसाला कशी गोड करते बघा. त्यानं नलिनीबाईंना गादीवर बसवलं, चहा मागवला. त्यांनी दोऱ्याचं एक रीळ घेतलं. त्यांनी दिलेला आणा त्यानं कपाळाला लावला.

नलिनीबाईंचे डोळे भरून आले. नवरा गेल्यापासून त्यांच्या हातचं काही कुणी कपाळाला लावलं नव्हतं.

मग त्या रोज जाऊ लागल्या. दुकान उघडलं की हजर, आणि रोज एक रीळ. घरात डबाभर रिळं साठली. शिवणार कुणासाठी? मूलबाळ नव्हतं. चाळीत लोक होते, पण थांबून बोलणारं कुणी नव्हतं. दुकानात मात्र श्यामसुंदर विचारायचा, “काकू, काल गुडघा दुखत होता, आज कसा आहे?” तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

वैशाखात एका सकाळी दुकानासमोर टांगा थांबला. लग्नाचा बस्ता काढायला आलेली मंडळी. नवरी, तिची आई, दोन मावश्या. आई दारातच थबकली. गादीवर चहा पीत बसलेल्या बाईचं पांढरं कपाळ तिनं पाहिलं.

“अगं बाई, आणि सकाळी सकाळी,” ती हळूच म्हणाली. हळूच म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. “चला गं, दुसरीकडे बघू.”

श्यामसुंदरचं तोंड उतरलं. मंदी आल्यापासून एवढं मोठं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं नव्हतं. हे गेलं की दुकानाला कुलूपच. त्यानं नलिनीबाईंकडे पाहिलं, पण बोलवेना. आपणच बसवलेल्या माणसाला ऊठ कोणत्या तोंडानं म्हणणार?

नलिनीबाई आपल्याआपणच उठल्या. हे दुकान बंद झालं तर आपल्याला ‘या’ म्हणणारं कुणी उरणार नाही, एवढंच त्यांना कळत होतं. कोपऱ्यातली केरसुणी त्यांनी हातात घेतली.

“मी गिऱ्हाईक नाही हो,” त्या म्हणाल्या. “मी इथं केर काढायला येते. तुम्ही या ना आत.”

नवरीची आई सैलावली. बायका गादीवर टेकल्या. नलिनीबाई वाकून झाडू लागल्या आणि कान मात्र श्यामसुंदरकडे. आता तो म्हणेल, अहो, या आमच्या काकू, गंमत करतात. एवढं तरी म्हणेल.

श्यामसुंदरनं एक शालू काढला, दुसरा काढला. तिसऱ्याची घडी मोडताना, वर न बघता म्हणाला,

“बाई, उद्यापासून दुकान उघडायच्या आधी येत जा.”



“बरं,” नलिनीबाई म्हणाल्या, आणि झाडत राहिल्या. येऊ नका, असं काही तो म्हणाला नव्हता.