चैत्रातला बर्फ

चैत्रातल्या सकाळी बाळहिरडा गोळा करायला निघालेली येसूबाई घरामागच्या रानाच्या तोंडाशीच थबकली. हिरड्याची पानं बर्फाने पांढरी झाली होती आणि कोवळी फळं काळी पडून गळत होती. तिने मुलीला, रोहिणीला, हाक मारली.

रोहिणी पठारावरच्या स्की रिसॉर्टमध्ये कामाला होती. तिथे मशिनींच्या पाण्यात एक जिवाणू मिसळत आणि मग सह्याद्रीतल्या उन्हाळ्यातही पाण्याचा बर्फ होई. पर्यटक वाढले, तसं यंदा पठार आणि येसूबाईच्या रानामधलं सरकारी जंगल तोडून घसरायला नवे उतार केले होते.

"तुमच्याकडचाच ना हा बर्फ?" येसूबाईने विचारलं.

"आमचा कुंपणाबाहेर येत नाही, आई. साहेबांनी तपासलंय."

रोहिणीने एक पान बोटांत धरलं. बोटांच्या उबेने बर्फ वितळला. हात काढताच गार झुळूक आली आणि पान पुन्हा पांढरं झालं. तिचा चेहरा उतरला.

"मधली झाडं होती तोवर वारा अडत होता," ती हळूच म्हणाली.

"मग मशिनी बंद करायला सांग त्यांना."

"आता बंद करून काय होणार? तो जिवाणू आता पानांवरच वाढतोय."

घरातून गोधडी आणून येसूबाई अंगणातल्या लहानशा हिरड्याला गुंडाळू लागली. त्याची पानं अजून हिरवी होती. दुसरं टोक धरायला रोहिणी पुढे झाली.

"तू नको, बाई," येसूबाई म्हणाली. "तुझ्या कपड्यांवर असेल तो."

रोहिणीने हात मागे घेतले आणि ती अंगणाबाहेर जाऊन उभी राहिली.