एकवाढी

भाताची मूद लिंबाएवढी होती. तिच्यावर चमचाभर वरण, बाजूला भोपळ्याच्या भाजीच्या दोन-तीन फोडी, कोशिंबीर तर बोटाने गंध लावावं तेवढीच. बाकी सगळ्या पितळी ताटात मोगऱ्याची फुलं.

सिंधूताई त्या ताटावर बसून वाट पाहत होत्या. चातुर्मासातला त्यांचा नेम साधा होता. दिवसातून एकदाच जेवायचं. ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत बोलायचं नाही. आणि एकवाढी, म्हणजे पहिल्या घासाआधी जे पानात पडेल तेवढंच आपलं. घास तोंडात गेला की मग वरून मिठाचा कणसुद्धा घ्यायचा नाही. रोज त्या आपलं आपण वाढून घेत. आज सून वल्लरी म्हणाली, "आई, आज मी वाढते तुम्हाला," आणि सकाळपासून ओट्याशी उभं राहून भरून आलेले पाय जरा हलके झाले. उद्या एकादशी होती. उद्या तर काहीच नाही.

वल्लरी खुर्चीवर चढून, मोबाइल आडवा धरून ताटाकडे बघत होती. घरातलं रोजचं काहीतरी छान मांडून ती इन्स्टावर टाकायची. कधी खिडकीतली कुंडी, कधी जुन्या साडीचा पडदा, कधी जेवण. बघून आम्हालाही काही करावंसं वाटतं, असं लोक लिहायचे.

तळमजल्यावरच्या इंदिराबाई फुलं द्यायला आल्या होत्या, त्या अजून दारातच उभ्या होत्या. त्यांच्या घराण्याची मराठी म्हैसुरातच मुरलेली.

"अय्यो वल्लरी, येवढंच ऊटा? आमच्या मनेत, घरी, कावळ्याला ह्याच्याहून जास्ती ठेवतात."

"आंटी, ह्याला प्लेटिंग म्हणतात."

"असंल, असंल. मी सुम्ने, उगीच म्हटले," म्हणत इंदिराबाई जिना उतरल्या.

"आई, आता घास उचला. तोंडाशी जाताना हवाय मला."

सिंधूताईंनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. भाताचं पातेलं तिथे तोंडोतोंड भरलेलं होतं.

"हो हो, मग वाढते ना पोटभर. आधी एक घास."

त्यांनी मान हलवली.

"लाजता काय हो! चेहरा नाही घेत, नुसता हात घेतेय."

मान पुन्हा हलली. वल्लरीने आतल्या खोलीकडे हाक मारली. "यश, तू तरी सांग आईंना. ऊन चाललंय माझं."

यशोधन ऑफिसच्या कॉलवर होता. हेडफोन मानेवर ढकलत तो दारात आला. "आई, घे ना गं एक घास. एवढं काय त्यात?"

सिंधूताई त्याच्याकडे बघत राहिल्या. लहानपणी श्रावणात हाच त्यांच्या ताटासमोर मांडी घालून बसायचा आणि दटावायचा, 'मीठ घेतलंस? लिंबू घेतलंस? बघ हं, मग मिळणार नाही!' आता त्याला आठवेल, असं त्यांना वाटलं. तो दारात उभा होता तोवर त्या थांबल्या.

त्याने हेडफोन पुन्हा कानावर चढवले.

सिंधूताईंनी अन्नाला हात जोडले आणि घास घेतला.

"मस्त! मिळाला!" वल्लरी टुणकन खाली उतरली आणि भाताचं पातेलंच उचलून घेऊन आली. "हं, आता जेवा सावकाश."

सिंधूताईंनी ताटावर तळहात आडवा धरला.

"हे काय? झालं?" वल्लरीचा डाव हवेतच राहिला. मग तिचे डोळे एकदम चमकले. "आई, थांबा, थांबा. हात तसाच ठेवा!" भात खाली ठेवून तिने मोबाइल घेतला. "काय दिसतोय हात! हाच फोटो हवा होता मला."

फोटो निघेपर्यंत त्यांनी हात तसाच धरला. मग फुलं बाजूला सारली आणि उरलेल्या भाताचे होतील तितके लहान घास केले. कोशिंबिरीचं पाणीसुद्धा बोटाने निपटून घेतलं. जिभेला चव कळायला लागली तेव्हा ताट संपलं होतं. त्या उठल्या, हात धुतले, आणि दोघांची ताटं वाढायला घेतली.

जेवता जेवताच वल्लरीने फोटो टाकला. खाली लिहिलं, 'आईंकडून शिकले. थोडंच, पण मनापासून.'

"बघा आई, धडाधड यायला लागले. 'या हातात केवढं समाधान आहे!' आणि ही बघा, ही विचारतेय, 'काकूंना विचारा ना, हे समाधान येतं कुठून?'"

"आई पहिल्यापासून कमीच जेवते," यशोधन पातेल्यातून दुसऱ्यांदा भात वाढून घेत म्हणाला.

"सांगा ना आई, एका वाक्यात. तुमच्याच शब्दांत टाकते."

सिंधूताईंनी पदराला हात पुसले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"परत मागता येत नाही, म्हणून येतं."

"वा!" वल्लरी लिहायला लागली आणि मध्येच थांबली. "फक्त ते 'मागता येत नाही' जरा बिचारं वाटतं हो. 'परत मागू नये' करू? सुविचारासारखं वाटेल."

"कर," सिंधूताई म्हणाल्या. "आणि तो भात झाकून ठेव, कोरडा पडेल."