गच्चीवरचा कोबी

प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर भाज्यांमधलं कीटकनाशक हुडकताना तुलनेसाठी मुळीच न फवारलेली भाजी लागते. ती म्हणजे माझ्या वडिलांचा गच्चीवरचा कोबी. आलेखावर त्याची रेघ कायम सपाट यायची. त्या दिवशी मात्र कीटकनाशकाचा सुळका उभा राहिला. “घरचाच कोबी ना? दुर्लक्ष करा, निकालासाठी भाजीचे ट्रक खोळंबलेत,” साहेब म्हणाले. “पट्टीच वाकडी, तर मोजायचं कशाने?” म्हणत मी सगळे निकाल रद्द केले आणि तडक घरी फोन लावला. “आबा, काय मारलंत कोबीवर?” “अगं, पानांना भोकं पडली होती. साहेबांपुढे तुझी मान खाली जायला नको, म्हणून...” “मला भोकंच हवीत, आबा!” दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः प्रयोगशाळेच्या दारात हजर. पिशवीत दुसऱ्या कुंडीतला, पार चाळणी झालेला कोबी. “या खेपेला साक्षीदारच आणलाय!” त्यांनी एक पान उलगडलं. आत गुबगुबीत अळी मजेत चरत होती.